आतली ओळ

१

त्याला सगळे गिरमिट म्हणायचे. सुताराकडं भोक पाडायला गिरमिट असतं, त्याचाच थोरला भाऊ ह्याच्या ट्रॅक्टरच्या मागं लटकलेला असायचा. छातीएवढा उंच, पिळाचा, लोखंडी. खाली सोडून फिरवला की दोन मिनिटांत अडीच फूट खोल आणि फूटभर रुंद गोल खड्डा तयार. कुंपणाचा खांब रोवायला तेवढा पुरतो. पण नाव पडलं त्याला आणखी एक कारण होतं. हा माणूस एकदा बोलायला बसला की ऐकणाऱ्याच्या कानाला भोक पडायचं. त्याची बायको म्हणायची, यंत्र विकत घ्यायची गरजच नव्हती, ह्यांना नुसतं शेतात उभं करायचं.

दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि त्याचं बोलणं आटलं. नाव तेवढं चिकटून राहिलं.

खड्ड्यांचं काम तसं दोघांचं असतं. एकानं ट्रॅक्टरवर बसायचं, दुसऱ्यानं मागं उभं राहून हातानं सांगायचं, थोडं डावीकडं, थोडं मागं, बास. पिळाचा दांडा ओळंब्यात उभा आहे की तिरका, हेही मागच्यालाच दिसतं. बावीस वर्षं मागं बायको उभी राहिली. आता तो ट्रॅक्टर मागं घ्यायचा, उतरून बघायचा, परत चढायचा, बोटभर सरकवायचा, परत उतरायचा. एका खड्ड्याला चार चढ-उतार. मुलगी म्हणायची, बाबा, एखादा माणूस तरी ठेवा. तो हो म्हणायचा आणि ठेवायचा नाही. त्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलेलं त्याला बघवलं नसतं, हे मुलीला सांगायचं कसं?

ह्या वेळचं काम गावाबाहेरच्या माळावर होतं. मधोमध एक बैठं घर, चारी बाजूंना गवत, आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये दुसरं घर नाही. राहणाऱ्या बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झालेली. त्यांच्या भाच्यानं फोनवरच सगळं ठरवलं होतं. एकटी बाईमाणूस, घराला कुंपण हवं. खड्डे ह्यानं पाडायचे, मागून गवंडी येऊन खांब बसवणार आणि तार ओढणार.

दहा-दहा फुटांवर पांढऱ्या फक्कीनं खुणा केल्यावर शहाण्णव खड्डे निघाले. एकट्या माणसाला चार-पाच दिवसांचं काम. बाईंनी घरामागची खोली उघडून दिली. एक खाट, एक खिडकी, सिमेंटची गुळगुळीत फरशी. "माणसाचा वावर नाही कित्येक वर्षांत," त्या म्हणाल्या, "पण मी रोज झाडते."

रोज का झाडता, असं बायको असती तर तिनं विचारलं असतं. त्यानं नुसती मान हलवली.

२

पहिल्या दिवशी बावीस खड्डे झाले. जमीन चांगली होती. वर वीतभर काळी माती, खाली कोरडा मुरूम. गिरमिटाचा एक दात मागच्याच महिन्यात दगडावर आपटून अर्धा तुटला होता, त्यामुळं प्रत्येक खड्ड्याच्या आतल्या अंगाला एक बारीक खाच गोल फिरत खाली जायची. खांबाला त्यानं काही फरक पडत नव्हता.

संध्याकाळी बाईंनी ताट झाकून पायरीवर ठेवलं. मुलीचा फोन आला. ती तिसऱ्या मजल्यावर राहत होती, आणि गेलं वर्षभर तिचं एकच पालुपद होतं, आमच्याकडं या राहायला. त्याचंही उत्तर ठरलेलं होतं, तिसऱ्या मजल्यावर ट्रॅक्टर कुठं लावू? ती हसली, नेहमीसारखीच, म्हणजे थोडं कमी. मग फोन ठेवल्यावर खोली एकदम मोठी झाली. असं रोज व्हायचं. बंद फोन हातात धरून तो थोडा वेळ बसायचा आणि मग झोपायचा.

सकाळी तो पाण्याची बाटली घेऊन ओळीच्या सुरुवातीला गेला. आदल्या दिवशीचे खड्डे एकदा डोळ्यांखालून घालायची त्याची सवय. कुठं कड ढासळलीय का, कुठं कुत्रं-मांजर पडलंय का. बावीसच्या बावीस ठीक होते. प्रत्येकाच्या भोवती मातीचं कडं, मुंग्यांच्या वारुळासारखं.

तेविसावा आत होता.

पहिल्या खड्ड्याच्या बरोबर समोर, घराच्या बाजूला दहा पावलांवर. गोल, फूटभर रुंद. त्याला वाटलं आपणच काल चुकून इथं सुरुवात केली असणार. मग त्याच्या लक्षात आलं की त्याला इतका वेळ काय खटकत होतं. ह्या खड्ड्याभोवती माती नव्हती. एक ढेकूळसुद्धा नाही. गवत अगदी कडेपर्यंत उभं होतं, पात्यांवर दव जसंच्या तसं. अडीच फुटांच्या खड्ड्यातून चार पाट्या तरी माती निघते. ती कुठं गेली?

तो गुडघ्यांवर बसला आणि हात आत घातला. भिंतीवरून बोटं फिरवली. खाच लागली. अर्ध्या तुटलेल्या दाताची, गोल फिरत खाली गेलेली.

३

माणूस आधी स्वतःवर संशय घेतो, आणि तेच बरोबर असतं. मुलगी परवाच म्हणाली होती, बाबा, तुम्ही हल्ली विसरता. गॅस चालू ठेवून बाहेर गेला होतात. तेव्हा त्यानं विचार केला की खड्डा आपणच पाडला आणि विसरलो. मातीचं काय? माती आपणच फावड्यानं उचलून कुठंतरी टाकली. का? ते विसरलो.

पण ट्रॅक्टरवर तास मोजणारं एक घड्याळ असतं. इंजिन जेवढं चालेल तेवढाच आकडा पुढं सरकतो. काल संध्याकाळी त्यानं तो आकडा वहीत लिहिला होता, तेलपाण्याचा हिशेब राहावा म्हणून. वही काढून त्यानं ताडून पाहिलं. आकडा तोच होता.

त्यानं बाईंना विचारलं, कुणी येऊन गेलं का? बाई म्हणाल्या, इथं कोण येणार? दूधवाला फाटकाशी पिशवी अडकवून जातो, तोही दिसत नाही. मग त्या पायात चपला घालून खड्डा बघायला आल्या. बारीक चणीच्या, ताठ, केसांचा घट्ट अंबाडा. काहीही बोलायच्या आधी अर्धा क्षण थांबायची त्यांना सवय होती, समोरच्याचं बोलणं खरंच संपलंय ना, ह्याची खात्री करावी तशी.

खड्ड्याकडं त्यांनी नीट पाहिलंच नाही. त्या खाली बसल्या आणि मान कलती करून कान कडेला लावला. बराच वेळ तशाच राहिल्या.

"बाई, कपडे खराब होतील," तो म्हणाला.

त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं. मग उठल्या, गुडघे झटकले.

"तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "बोलता बोलता मधेच आवाज थांबतो. तेव्हा लाइन तुटलीय, की माणूस नुसता गप्प आहे, हे आम्हाला कानानं ओळखावं लागायचं. तुटलेली लाइन पोकळ लागते."

"आणि ही?"

बाई अर्धा क्षण थांबल्या. "उन्हं चढायच्या आत कामाला लागा," म्हणाल्या, आणि घरात गेल्या.

त्याला वाटलं, एकटेपणानं म्हातारीचं डोकं फिरलंय. ह्या विचारानं त्याला जरा बरंही वाटलं. निदान दोघांत जास्त बिघडलेलं कोण, हे ठरलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं चोवीस खड्डे पाडले. तिसऱ्या दिवशी सकाळी आत पंचेचाळीस नवे होते, म्हणजे आता दोन्हीकडं सेहेचाळीस.

जेवढं तो बाहेरून पुढं सरकायचा, तेवढीच आतली ओळ सरकायची. त्याच्या खड्ड्यासमोर खड्डा, दहा पावलं आत. दोरी लावून बघितली तर केसभर इकडंतिकडं नाही. त्याची स्वतःची ओळ दोन ठिकाणी बोटभर बाहेर गेली होती, कारण मागं बघायला कुणी नव्हतं. आतली ओळ सरळ होती.

आदल्या संध्याकाळी त्यानं ट्रॅक्टरच्या चाकांमागं बारीक राख पसरली होती. राखेवर चिमणीच्या पावलांखेरीज काही नव्हतं. चावी त्याच्या उशाखाली होती. आता स्वतःवरचा संशयही धड घेता येईना.

दुपारी इंजिन बंद करून तो सावलीत डबा उघडून बसला, आणि ते त्याला पहिल्यांदा जाणवलं. कानाला काही नव्हतं. वाऱ्यानं गवत हलत होतं तेवढंच. पण तळपायांना एक बारीक थरथर लागत होती, एका लयीत. थोडा वेळ चालायची, थांबायची, परत चालायची. पिळ खाली जातो, माती घेऊन वर येतो, परत खाली जातो. चोवीस वर्षं तो हीच लय बुडाखाली घेऊन जगला होता, त्याला ती झोपेतही ओळखता आली असती. त्यानं वळून आपल्या ट्रॅक्टरकडं पाहिलं. तो गप्प उभा होता, उन्हात.

त्यानं पाय उचलून दगडावर ठेवले आणि तसंच बसून डबा संपवला. चव कशाची होती ते त्याला नंतर आठवलं नाही.

जेवण झाल्यावर, स्वतःचीच लाज वाटून, तो मापाची सळई घेऊन आतल्या ओळीकडं गेला. सळईला अडीच फुटांवर लाल रंगाची खूण होती. एका खड्ड्यात त्यानं ती सोडली. खाली टेकली तेव्हा लाल खूण बरोबर जमिनीशी आली. काम चोख होतं, ह्यात वाद नव्हता. तो सळई वर घ्यायला गेला आणि ती आली नाही.

अडकलेली सळई कशी लागते ते त्याला ठाऊक होतं. ती तशी लागत नव्हती. एखाद्याच्या हातात वस्तू देताना, त्यानं नीट धरलीय ना म्हणून आपण क्षणभर सोडत नाही, तसा तो ताण होता. मऊ, सावध. त्यानं ओढली नाही. ताण हळूच सैल झाला आणि सळई परत त्याच्या हातात आली. परत दिली म्हणावं तशी.

बॅटरी आणून त्यानं आत उजेड टाकला. तळाला मुरूम, सपाट, घट्ट. ओली चिकणमाती सळई धरून ठेवते, त्यानं स्वतःला समजावलं. पाच मिनिटं तो हेच समजावत उभा राहिला. तळाचा मुरूम हाडासारखा कोरडा होता.

५

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी घरातलं लाकडी स्टूल बाहेर आणून आतल्या ओळीपाशी मांडलं होतं आणि त्या त्यावर बसल्या होत्या. तो बाहेरच्या बाजूनं काम करत होता. इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. बाई बोलत होत्या. थांबत होत्या. मान हलवत होत्या. एकदा तर तोंडावर हात ठेवून हसल्या.

गेल्या चार दिवसांत त्या त्याच्याशी मिळून वीस वाक्यं बोलल्या नसतील.

दुपारी तो पाणी मागायला घरात गेला. बैठकीची खोली त्यानं पहिल्यांदाच पाहिली. भिंतीला लावलेली एकच खुर्ची, तिच्या शेजारी तिवईवर टेलिफोन, वर भरतकामाचा रुमाल. टेलिफोनसमोर फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार घासलेले ठिपके होते. इतकी वर्षं कुणीतरी तिथं बसून फोन वाजायची वाट पाहिली होती. खोलीत दुसरी खुर्चीच नव्हती. आलेल्या माणसानं बसावं कुठं, हा प्रश्न त्या घरात बऱ्याच वर्षांत आलेला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "माझं ऐका. उद्या माझं काम संपतंय. माझ्याबरोबर चला. भाच्याकडं सोडतो तुम्हाला."

"भाचा चांगला आहे," बाई म्हणाल्या. "दर महिन्याला फोन करतो. बरी आहेस ना, विचारतो. मी बरी म्हणते. मग दोघंही गप्प. मग तो म्हणतो, चल, ठेवतो."

त्याला आपल्या मुलीचं थोडं कमी हसणं आठवलं.

"तुम्ही कुणाशी बोलता तिथं बसून?" त्यानं शेवटी विचारलं.

"कुणाशी ते अजून कळलं नाही," बाई अगदी साधेपणानं म्हणाल्या. "पण ऐकणारं आहे."

त्या दिवशी संध्याकाळी त्यानं मुलीला सगळं सांगायचं ठरवलं होतं. फोन लागला तेव्हा ती नातवाचा अभ्यास घेत होती. तो म्हणाला, जमीन चांगली आहे, उद्या संपेल. ती म्हणाली, बरं.

सामान बांधून तेव्हाच निघावं असं त्याच्या मनात दहादा आलं. पण फाटकाजवळचे चार खड्डे राहिले होते, आणि अर्धं काम टाकून पळालेला माणूस म्हणून त्याचं नाव आजवर निघालं नव्हतं. भीती सांगायला कुणी नसलं की माणूस तिला कामाच्या खाली दाबून टाकतो. तसं त्यानं केलं.

६

पाचव्या दिवशी तीन खड्डे सुरळीत झाले. शहाण्णवावा फाटकाला लागून होता. आतल्या ओळीतही आता त्याच्या समोरचा तेवढा एकच राहिला होता.

दोन फुटांपर्यंत पिळ लोण्यात जावा तसा गेला. मग एकदम जमिनीनं त्याला आत ओढलं. ट्रॅक्टरचं मागचं धूड खचकन खाली बसलं, पुढची चाकं उचलली आणि दांड्यातला नाजूक बोल्ट कडाडून तुटला. तो बोल्ट मुद्दाम नाजूकच ठेवलेला असतो, यंत्र मोडायच्या आधी तो मोडावा म्हणून. त्यानं इंजिन बंद केलं. पिळ स्क्रूसारखा जमिनीत घट्ट रुतला होता.

अशा वेळी एकच उपाय. दांड्याला मोठा पाना लावायचा आणि हातानं उलटा फिरवायचा. दोघं असले की एक इकडून ढकलतो, एक तिकडून, आणि दहा मिनिटांत मोकळं होतं. तो एकटा पान्याला झोंबला. सगळं अंग घातलं. पाना बोटभर हलला आणि थांबला. परत अंग घातलं. तळहाताची साल निघाली, डोळ्यांपुढं काजवे चमकले. सूर्य डोक्यावर आला होता. गवतात कुठंही कुणी नव्हतं. बाईंचं स्टूलसुद्धा रिकामं होतं.

तो पान्यावर कपाळ टेकून उभा राहिला. आणि बावीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "अगं, जरा हात लाव ना."

मग त्यानं परत जोर लावला, आणि पाना फिरला.

सहज फिरला. अर्धा फेरा, पूर्ण फेरा. तो दम खायला थांबला तेव्हा पिळही थांबला. त्यानं ढकललं तेव्हा पलीकडूनही, म्हणजे खालून, तेवढाच जोर आला, त्याच क्षणाला, ना कमी ना जास्त. दोन माणसांना एकमेकांची सवय झाली की कामाला एक ताल येतो, कुणाला काही सांगावं लागत नाही. तसा ताल लागला. सात-आठ फेरे झाले असतील. त्या सात-आठ फेऱ्यांत त्याला भीती वाटली नाही, हे तो पुढं कधीच कुणाला सांगू शकला नाही. त्याला बरं वाटत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा खांद्यावरचं ओझं अर्धं झालं होतं, आणि उरलेलं अर्धं कुणी घेतलंय हे विचारायचं त्याच्या मनातच आलं नाही.

पिळ सुटला. त्यानं तो कडेला लोटला आणि खड्ड्यावर वाकला.

ऊन सरळ तळापर्यंत गेलं होतं. तिथं दोन हात होते. मनगटापर्यंतच दिसत होते, मातीनं माखलेले, पुरुषाचे, कामाचे. काम संपल्यावर माणूस झटकतो तसे ते एकमेकांवर दोनदा झटकले गेले. उडालेली माती खाली पडली नाही. ती कुठं गेली ते त्याला दिसलं नाही. मग तळाला नुसता मुरूम होता, सपाट, घट्ट, आणि त्याच्यावर गोल ऊन.

तो मागं सरकला तेव्हा आतल्या ओळीतला शेवटचा खड्डा झालेला होता. कडेचं गवत अजून हलत होतं.

७

हत्यारं त्यानं गोळा केली नाहीत. पिळ कसाबसा उचलून साखळीनं बांधला आणि तो घराकडं पळाला. आतली ओळ ओलांडताना त्यानं लहान मुलासारखी उडी मारली.

बाई बैठकीत होत्या. केस नुकते विंचरलेले, अंगावर इस्त्रीची साडी. तिवईवर दोन कप होते. भिंतीच्या खुर्चीसमोर स्वयंपाकघरातलं एक जुनं स्टूल आणून मांडलं होतं, पुसून.

"बाई, चला. काही घेऊ नका. आहे तशा चला."

"बसा तरी."

"बसायची वेळ नाही. तुम्हाला माहीत नाही मी काय बघितलं."

"मग सांगू नका," बाई म्हणाल्या. "भाऊ, तुम्हाला मुलगी आहे. नातू आहे. तुम्ही जा."

त्यानं त्यांचा हात धरला. परक्या बाईचा हात त्यानं जन्मात धरला नव्हता. हात थंड होता आणि त्यानं ओढलं तरी तो जागचा हलला नाही. बाईंनी दुसऱ्या हातानं त्याची बोटं एकेक करून सोडवली, रागावल्या नाहीत, घाई केली नाही.

"इथं रात्री फ्रीज बंद पडला की मला जाग यायची," त्या म्हणाल्या. "आवाज थांबला म्हणून. तुम्हालाही येत असेल."

त्याला येत असे. तो बाहेर पडला, ट्रॅक्टरवर चढला आणि फाटकातून निघाला. वळणावर त्यानं आरशात पाहिलं. एकदाच. बाई आतल्या ओळीतल्या शेवटच्या खड्ड्याशी बसल्या होत्या. त्यांनी एक हात कोपरापर्यंत आत घातला होता आणि त्या मागं रेलल्या होत्या, होडीतून कुणाला काठावर घेताना माणूस रेलतो तशा.

त्यानं थांबायला हवं होतं. हे त्यालाही कळत होतं. त्यानं गिअर बदलला.

८

ट्रॅक्टर घरी लावून तो त्याच दिवशी मुलीकडं गेला. तिनं काही विचारलं नाही, नुसती गादी घातली. तिसरा मजला त्याला आवडला. पायाखाली माणसं होती, त्यांच्याखाली आणखी माणसं. जावई समजूतदार होता, नातू बडबड्या होता. आठ दिवसांत तो थोडाफार बोलायलाही लागला. पाचव्या दिवसाबद्दल मात्र अवाक्षर नाही. तो स्वतःला म्हणायचा, ऊन लागलं होतं. एकटा होतो. उपाशी होतो. ह्यातलं प्रत्येक खरं होतं.

नवव्या दिवशी दुपारी गवंड्याचा फोन आला. आवाजात घुस्सा होता. खांब बसवायचं काम पण तूच घेतलंस तर सांगायचं होतं, म्हणाला. मी माणसं घेऊन गेलो आणि बाईंनी फाटकातूनच परत पाठवलं. खड्डे पाडणारे भाऊच खांब बसवतायत म्हणाल्या. आणि तू लांबून बघत होतास. मी हात केला, तर तू ओळखसुद्धा दाखवली नाहीस.

"मी?" त्यानं विचारलं.

"नाही, तुझा बाप," गवंडी म्हणाला आणि त्यानं फोन आपटला.

नातू शाळेत होता, जावई कामावर, मुलगी स्वयंपाकघरात. तो बाल्कनीत जाऊन दार ओढून उभा राहिला. खाली रस्त्यावर भाजीची गाडी होती, एक बाई मुलाला रागावत होती. त्यानं ऑपरेटर बाईंचा नंबर लावला. दोनच घंटा झाल्या.

"बोला," बाई म्हणाल्या. आवाज इतका हलका होता की त्याला आधी ओळखूच आला नाही.

"बाई, मी. गिरमिटवाला. तुम्ही बऱ्या आहात ना?"

बाई अर्धा क्षण थांबल्या. मग हसू लागल्या, घरच्या माणसाच्या थट्टेला हसावं तशा.

"अहो, काय हे? आत्ता तर हात धुवायला मागं गेलात. चहा निवतोय."

बाई, ऐका, तो म्हणाला, मी मुलीकडं आहे, आठ दिवस झाले. बाई ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडं गेलं होतं. फोनमधून मागचं दार उघडल्याचा आवाज आला. फरशीवरून पावलं आली, सावकाश, दिवसभर काम केलेल्या माणसाची. स्टूल सरकलं.

बाईंनी रिसीव्हर तोंडापासून थोडा लांब धरला असावा.

"तुमचाच फोन आहे," त्या कुणाला तरी म्हणाल्या.

रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेला. ओला हात लागला की होतो तसा आवाज झाला. पलीकडं कुणीतरी श्वास घेतला आणि थांबलं, समोरच्यानं आधी बोलावं म्हणून.

"बाबा," मुलीनं आतून विचारलं, "कुणाचा फोन आहे?"

त्याला फोन ठेवायचा होता, बोट तिथंच होतं. पण पलीकडचं माणूस ऐकत होतं, नीट, घाई न करता, आणि त्याला किती काय सांगायचं होतं.